वाचकांचे प्रश्न : कॅम, पट्टा आणि चेन

या महिन्याच्या टपालात टायमिंगचेच, म्हणजे कॅमनं पिस्टनच्या चालीशी जुळवून व्हॉल्व्ह उघडण्याचे, प्रश्न जास्त आले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. कराडच्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, कारण त्यात विचारलेलं काम अर्धवट माहितीवर केलं तर इंजिनच खोलावं लागतं.

प्रश्न : माझी २००२ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. ऑटोक्रॉससाठी रीग्राइंड केलेला कॅम आणि अ‍ॅडजस्टेबल कॅम पुली घेतली आहे. गॅरेजवाले म्हणतात, मार्क जुळवले की झालं. पट्टाही याच वेळी बदलायचा आहे. काय काय सामान घ्यावं आणि काम कोणत्या क्रमानं व्हावं? – एक वाचक, कराड

मार्क जुळवून भागतं ते कंपनीचा कॅम कंपनीच्याच पुलीवर असेपर्यंत. रीग्राइंडमध्ये लोबचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवरच्या उंचवट्याचा) माथा नव्यानं घासलेला असतो आणि तो चावीच्या (पुली शाफ्टवर जागच्या जागी धरणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) खाचेपासून दोन-चार अंश इकडे-तिकडे जाणं अगदी सर्रास होतं. मार्क बरोबर दिसतात आणि व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतात. म्हणून तुमच्या कामात मार्क फक्त सुरुवातीला उपयोगाचे. शेवटचा निर्णय डिग्री व्हील (क्रँकचे अंश दाखवणारं चाक) आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) यांचा.

आधी कॅम तपासा. रीग्राइंड करताना बेस सर्कल (उंचवटा सोडून उरलेला लोबचा गोल भाग) किती उतरवलं हा आकडा ग्राइंडिंगवाल्याकडून लिहून घ्या, त्याबरोबर लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो), ड्युरेशन (किती अंश उघडा राहतो) आणि इनटेक लोब सेंटर (लोबचा माथा क्रँकच्या कितव्या अंशाला येतो) हेही. हे आकडे देता येत नसतील तर तो कॅम बसवू नका. लोबवरचा कडक थर ठरावीक जाडीचाच असतो. तो घासून संपला की आतलं मऊ लोखंड काही तासांत खरवडलं जातं आणि त्याचा चुरा तेलातून बेअरिंगपर्यंत पोचतो. कुपवाड एमआयडीसीतल्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या टूलरूममध्ये हार्डनेस तपासून घ्या. जुन्या लोबचा आणि घासलेल्या लोबचा आकडा शेजारी-शेजारी ठेवला की लगेच कळतं.

या इंजिनात रॉकरचा (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांडीचा) पॅड कॅमवर घासत चालतो, मध्ये रोलर नाही. जुन्या रॉकरवर जुन्या लोबची चाकोरी पडलेली असते आणि ती नव्या लोबला खाते. रॉकर नवे घ्या, नाहीतर पॅड पॉलिश करून, त्रिज्या तपासून मगच वापरा. बेस सर्कल लहान झाल्यामुळे टॅपेटचा (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट ठरवणारा) स्क्रू जास्त आत येतो. लॉकनटला पुरेसे आटे उरतात ना आणि रॉकर स्प्रिंगच्या रिटेनरला लागत नाही ना, हे दोन्ही बघा.

सामानाची यादी अशी: टायमिंग बेल्ट, टेन्शनर पुली, वॉटर पंप (तो याच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे आता वाचवलेला पंप पुढच्या वर्षी सगळं काम पुन्हा करायला लावतो), कॅमचं आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील, रॉकर कव्हर गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांची सीलं, बाहेरचे सगळे पट्टे, कूलंट, ऑइल फिल्टर, साडेतीन लिटर तेल आणि कॅमला लावायचं असेंब्ली ल्यूब. लिफ्ट वाढली असेल तर स्प्रिंग आणि रिटेनरही. पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये मिळून किमान १ मि.मी. मोकळीक उरली पाहिजे. रिटेनर आणि व्हॉल्व्ह सील यांच्यात दीड मि.मी. हवी.

आता खोलण्याचं. हे इंजिन पुलीच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. बहुतेक गाड्यांची सवय हाताला असते, म्हणून हे खडूनं बॉनेटखाली लिहूनच ठेवा. याचा पहिला फटका क्रँक बोल्टला बसतो. इतर गाड्यांत लांब दांडा चासीला टेकवून स्टार्टर टिचकवला की बोल्ट सुटतो. इथे त्याच युक्तीनं तो आणखी आवळला जातो. पुलीतल्या षटकोनात बसणारं ५० मि.मी.चं होल्डर आणि लांब दांडा, हाच मार्ग. तेलाच्या टाकीखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकनं आधार द्या आणि मगच टायमिंगच्या बाजूचं माउंटिंग काढा.

पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या जागी) आणा. कॅम पुलीवरचा ‘अप’ मार्क वर हवा आणि दोन्ही बाजूंच्या खुणा हेडच्या कडेशी समांतर. क्रँकच्या बाहेरच्या पुलीवर खुणांचे दोन गट असतात. पांढरी खूण टीडीसीची, लाल खूण इग्निशन टायमिंगची. लाल खुणेवर पट्टा चढवलेल्या गाड्या गॅरेजात नेहमी येतात. बाहेरची पुली निघाल्यावर आतल्या दातेरी पुलीची खूण आणि ऑइल पंपावरचा बाण हीच जोडी खरी.

पट्टा उतरला की टॅपेटचे सगळे लॉकनट सैल करून स्क्रू मागे घ्या. त्यानंतरच रॉकर असेंब्लीचे बोल्ट, आडवे-तिडवे, एका वेळी दोन वेढे. एका टोकाचे बोल्ट आधी पूर्ण काढले तर कॅम वाकडा ताणला जातो आणि होल्डर तडकू शकतो. बोल्ट होल्डरमध्येच राहू द्यावेत, ते बाहेर ओढले तर शाफ्टवरचे रॉकर आणि स्प्रिंगा सुटून टेबलावर पसरतात आणि कुठला कुठे होता ते सांगता येत नाही.

नवा कॅम ठेवून एंड प्ले मोजा. नव्यात ०.०५ ते ०.१५ मि.मी. असतो आणि ०.५ ही शेवटची मर्यादा. लोबवर ल्यूब, दोन टोकांच्या होल्डरखाली सीलंटचा बारीक धागा, आणि मग बोल्ट टप्प्याटप्प्यानं: ८ मि.मी.चे २० न्यूटन-मीटर, ६ मि.मी.चे १२. कॅम पुलीचा बोल्ट ३७. अ‍ॅडजस्टेबल पुलीचे आपले वेगळे बोल्ट असतात, त्यांना मध्यम ताकदीचं थ्रेड लॉक लावा, पण सेटिंग पक्कं झाल्यावर.

पट्टा क्रँक पुली, टेन्शनर, वॉटर पंप आणि शेवटी कॅम पुली या क्रमानं चढवा. हातानं घड्याळाच्या उलट दिशेला पाच-सहा फेरे देऊन तो बसू द्या. पुन्हा टीडीसीला आणा, टेन्शनरचा बोल्ट अर्धा वेढा सैल करा, क्रँक त्याच दिशेला कॅम पुलीच्या तीन दातांइतका फिरवा आणि तिथेच बोल्ट ४४ न्यूटन-मीटरला आवळा. तीन दात फिरवण्याचं कारण सरळ आहे. त्या स्थितीत व्हॉल्व्ह स्प्रिंगा कॅमला मागे रेटतात, पट्ट्याची ओढणारी बाजू ताठ होते आणि सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला जमतो. टीडीसीवरच बोल्ट आवळला तर थोडा ढिलेपणा भलत्या बाजूला अडकून राहतो.

आता डिग्री करणं. क्रँकवर डिग्री व्हील लावा, प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा. एका दिशेनं पिस्टन टेकला तेव्हा चाक समजा ३८ दाखवतंय आणि दुसऱ्या दिशेनं ४२. सरासरी ४०, म्हणजे चाक २ अंशांनी सरकवायचं. दोन्हीकडे ४० आले की शून्य म्हणजे खरा टीडीसी. पिस्टन वर थबकतो तेव्हा क्रँकचे कित्येक अंश तो हलतच नाही, म्हणून पेचकस घालून अंदाजानं टीडीसी काढू नये.

व्हीटेकमध्ये एक खोच आहे. इनटेकला प्रत्येक सिलिंडरमागे तीन रॉकर असतात आणि मधला, मोठ्या लोबचा रॉकर तेलाचा दाब आल्याशिवाय व्हॉल्व्हला जोडलाच जात नाही. हातानं इंजिन फिरवताना तेलाचा दाब नसतो. डायल गेज व्हॉल्व्हच्या रिटेनरवर लावलं तर तुम्ही लहान लोब मोजत बसता. गेजचं टोक मधल्या रॉकरवरच ठेवा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजतानाही पिना सरकवून तिन्ही रॉकर एकत्र जोडलेले हवेत. त्यासाठी तेलाच्या वाटेनं मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाची हवा देतात. हे न करता ‘भरपूर अंतर आहे’ म्हणून बंद केलेलं इंजिन व्हीटेक लागल्याच्या पहिल्याच क्षणी व्हॉल्व्ह वाकवतं.

लोब सेंटर काढताना माथ्यावरचा आकडा घेऊ नका, तिथे सुई बराच वेळ थांबते. माथ्याच्या १.२५ मि.मी. आधीचा आणि तेवढ्याच नंतरचा अंश घ्या. समजा टीडीसीनंतर ६८ आणि १५० आले. बेरीज २१८, निम्मे १०९. कॅमच्या कागदावर १०७ लिहिलं असेल तर कॅम क्रँकचे २ अंश मागे आहे, म्हणजे पुलीवर १ अंश पुढे घ्यायचा. पुलीवरच्या रेषा कॅमचे अंश दाखवतात की क्रँकचे, हे प्रत्येक बनावटीत वेगळं असतं, म्हणून बदल केल्यावर चाकावर पुन्हा मोजा. तुमच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच शाफ्टवर असल्यानं दोन्ही एकत्र सरकतात. त्यांच्यातला कोन ग्राइंडिंगमध्ये ठरून गेलेला असतो, तो पुलीनं बदलत नाही.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमीत कमी असतं ते एक्झॉस्टचं टीडीसीच्या सुमारे १० अंश आधी आणि इनटेकचं १० अंश नंतर. पहिल्या सिलिंडरला हलक्या स्प्रिंगा लावून त्या जागी व्हॉल्व्ह बोटानं पिस्टनला टेकेपर्यंत दाबा आणि डायलवर वाचा. इनटेकला २ मि.मी. आणि एक्झॉस्टला २.५ मि.मी. याखाली जाऊ नये. कॅम पुढे घेतला की इनटेकचं अंतर घटतं, मागे घेतला की एक्झॉस्टचं. पुढे पुलीशी खेळायचा मोह होणार असेल तर आत्ताच दोन्ही टोकांना मोजून वहीत लिहून ठेवा.

टॅपेट इंजिन थंड असताना लावा: इनटेक ०.१८ ते ०.२२ मि.मी., एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७. इथे ‘थंड’ म्हणजे हेड ३८ अंश सेल्सिअसच्या खाली. कराडला एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या गॅरेजात उभं इंजिनही याच्या वर जातं, म्हणून हे काम सकाळी करा.

पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, पेट्रोल पंपाचा पुरवठा तोडून, तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा. सुरू झाल्यावर आयडलिंगला सोडू नका. २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं, थोडं वर-खाली करत. आयडलिंगला लोबच्या टोकावर स्प्रिंगचा दाब सर्वांत जास्त आणि उडून येणारं तेल सर्वांत कमी असतं, नवे लोब त्यातच जातात. नंतर तेल आणि फिल्टर बदला, जुनं फिल्टर कापून कागदात चमकणारा चुरा आहे का पाहा, आणि टॅपेट पुन्हा तपासा.

आणखी एक. डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच टोकावर आहे. पुली १ अंश हलवली की इग्निशन क्रँकचे २ अंश हलतं. प्रत्येक बदलानंतर टायमिंग लाइट लावून बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या आकड्यावर परत आणा. नाहीतर पिकअप वाढला तो कॅममुळे की इग्निशन पुढे गेल्यामुळे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

प्रश्न : माझी स्कोडा लॉरा १.८ टीएसआय (मॅन्युअल) सकाळी सुरू करताना दोन सेकंद खडखडते, मग गप्प होते. आमचं घर यवतेश्वरच्या चढावर आहे. फक्त टेन्शनर बदलला तर चालेल का? – एक वाचक, सातारा

आधी गाडी चालवणं थांबवा. या पिढीच्या इंजिनातल्या सुरुवातीच्या टेन्शनरचा हा ओळखीचा दोष आहे आणि तो पूर्ण गेला तर चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. खडखड दोन सेकंदांची आहे म्हणून धोका लहान नाही, कारण दात सुटतात ते याच दोन सेकंदांत.

टेन्शनरचा दट्ट्या इंजिन चालू असताना तेलाच्या दाबानं चेन ताणून धरतो. बंद इंजिनात तेल निथळतं आणि दट्ट्या मागे जाऊ नये याची जबाबदारी एका छोट्या रॅचेटवर येते. जुन्या बनावटीत हे रॅचेटच कमकुवत होतं. तुमच्या चढाचा संबंध इथे येतो. तोंड वर करून पहिल्या गियरमध्ये लावलेली गाडी किंचित मागे ओघळली की चाकं इंजिनाला उलटं फिरवतात आणि चेनचा सगळा ताण टेन्शनरच्या बाजूला येऊन रॅचेटवर पडतो. काम होईपर्यंत आणि नंतरही, चढावर आधी हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड किंवा ठोकळा लावा, गाडीचा भार त्यावर टेकू द्या, आणि मग हवा तर गियर टाका.

फक्त टेन्शनर बदलायचा की नाही, हे चेन किती लांबली त्यावर ठरतं. खालच्या कव्हरवरची तपासणीची बूच काढली की दट्ट्याचे दात दिसतात. जितके जास्त बाहेर, तितकी चेन लांबलेली. स्कॅनरवर कॅम आणि क्रँकचा मेळ बिघडल्याचा पी ००१६ कोड येऊन गेला असेल तर विचारच करू नका, सगळा संच बदला: टायमिंग चेन, तिन्ही गाइड, सुधारित टेन्शनर, बॅलन्स शाफ्टची चेन आणि तिचा टेन्शनर, पुढचं क्रँक सील, कव्हरचं सीलंट, आणि ताणून बसणारे सगळे बोल्ट नवे. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत आम्ही एवढं सगळंच सुचवू. सामानापेक्षा मजुरी आणि जोखीम मोठी आहे आणि ती दोनदा घेण्यात अर्थ नाही.

काम कोणाकडे द्यायचं हे ठरवायला तीन प्रश्न विचारा. इनटेक कॅमच्या टोकावरच्या कंट्रोल व्हॉल्व्हचे आटे कोणत्या हाताचे? ते डावे आहेत, आणि त्यासाठी वेगळं हत्यार लागतं. पकडीनं फिरवणाऱ्याच्या हातात तो तुटतो. दुसरा प्रश्न, क्रँकचा डॅम्पर (बाहेरची पुली) काढल्यावर आतलं चेनचाक कसं धरणार? डॅम्परचा बोल्टच ते दाबून धरतो. तो निघाला की चाक दातेरी बैठकीतून सरकू शकतं, म्हणून नळी आणि बोल्ट लावून ते दाबून ठेवावं लागतं. तिसरा, चेन सुटल्यावर कॅम कशानं धरणार? व्हॉल्व्ह स्प्रिंगा कॅमला झटक्यात फिरवतात. या तिन्हींची उत्तरं न अडखळता आली तर गाडी द्या.

चेनवर रंगीत कड्या असतात, त्या दोन्ही कॅमच्या आणि क्रँकच्या खुणांवर बसवायच्या. बॅलन्स शाफ्टच्या चेनलाही तशाच आहेत आणि तिथे चूक झाली तर गाडी उत्तम चालते पण स्टिअरिंगमध्ये गुणगुण येते. जोडणी झाल्यावर हातानं दोन फेरे द्या. इथे अनेक मिस्त्री घाबरतात, कारण रंगीत कड्या पुन्हा खुणांवर येत नाहीत. त्या येणारच नाहीत, कड्यांची संख्या आणि चाकांचे दात यांचा मेळ फार फेऱ्यांनंतर बसतो. दोन फेऱ्यांनंतर पाहायच्या त्या चाकांवरच्या खुणा. कंट्रोल व्हॉल्व्ह ३५ न्यूटन-मीटर. क्रँकचा नवा बोल्ट १५० न्यूटन-मीटर आणि त्यावर ९० अंश.

तेल ४.६ लिटर, फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मान्यतेचं. बदलाचं अंतर निम्म्यावर आणा, साडेसात हजार किलोमीटर. टेन्शनर आणि कॅम फिरवणारा व्हॉल्व्ह दोन्ही याच तेलावर काम करतात आणि जाळीत गाळ बसला की नवा टेन्शनरही उशिरा ताणतो.

प्रश्न : टायमिंग बेल्ट बदलून सात वर्षं झाली, पण गाडी फक्त बावीस हजार चालली. वरून पट्टा नवाकोरा दिसतो. बदलू का? – एक वाचक, तासगाव

बदला. पाच वर्षं ही मर्यादा किलोमीटर कमी झाले म्हणून वाढत नाही. आजच्या पट्ट्यांचं रबर पूर्वीसारखं तडकून इशारा देत नाही. आतले काचेच्या धाग्यांचे दोर थकतात आणि पट्टा दिसायला चांगला असतानाच दातांचा गठ्ठा सोडतो. उभ्या गाडीत पट्टा एकाच जागी वाकलेला राहतो, टेन्शनरच्या बेअरिंगमधलं ग्रीस सुकतं, आणि पट्ट्याइतकेच तुटतात ते हे बेअरिंग.

नवा पट्टा हातात घेतल्यावर उलटा करून पाहू नका, घडी घालू नका, दोर तिथेच मोडतात. कॅम सीलमधून तेल झिरपत असेल तर आधी सील. खालचं प्लास्टिक कव्हर मोडलं म्हणून फेकून दिलेल्या गाड्या बऱ्याच असतात. उसाच्या हंगामात आपल्याकडच्या रस्त्यांवर जी खडी उधळते, तिचा एक दाणा पुलीत गेला तरी पट्टा उडी मारतो.

प्रश्न : जुन्या बलेनो १.६चा पट्टा बदलल्यापासून पिकअप नाही, आयडलिंग थरथरतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखंच पण कमी आहे. दोन गॅरेजनी रिंगा गेल्याचं सांगितलं. मार्क तर बरोबर दिसतात. – एक वाचक, सांगली

चारही सिलिंडरच्या रिंगा एकाच दिवशी, नेमक्या पट्टा बदलल्याच्या दिवशी जात नाहीत. सगळीकडे सारखं कमी कॉम्प्रेशन म्हणजे कॅम चुकीच्या वेळी चालतोय. एखादाच सिलिंडर कमी असता तर व्हॉल्व्हवर संशय घेतला असता.

मोजणी नीट झाली का ते पाहा. चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा निरुपयोगी. शिवाय पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीच्या हवेचे असतात. सांगली साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी. साताऱ्याला आठ-नऊ टक्के. महाबळेश्वरला पंधराच्या जवळ. तेवढी घट आपल्याकडे निरोगी इंजिनातही दिसणारच. व्हॅक्यूम गेजलाही हेच लागू: तीनशे मीटरमागे साधारण एक इंच कमी. सांगलीत आयडलिंगला सुई १६ ते १८ इंचांवर स्थिर असेल तर टायमिंग ठीक. १२-१३ वर स्थिर उभी असेल तर कॅम एखादा दात मागे आहे.

एक दात म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहा. क्रँकचे ७२० अंश भागिले कॅम पुलीचे दात. ३६ ते ४० दातांची पुली असेल तर एक दात १८ ते २० अंशांचा. इनटेक एवढा उशिरा बंद झाला की पिस्टन वर येताना भरलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो, तीच तुमची हरवलेली ताकद.

मार्क बरोबर दिसतात म्हणता, तर ते कुठून पाहिले? वाकून, तिरकं पाहिलं तर एक दात सहज लपतो. डोळा पुलीच्या समोर आणा, किंवा मोबाइल पुलीच्या पातळीत धरून फोटो घ्या. बाहेरच्या क्रँक पुलीवर भिस्त ठेवू नका, आतल्या दातेरी पुलीची खूण पाहा. तीही जुळत असेल तर क्रँकची चावी तपासा. या इंजिनात क्रँक बोल्ट कमी आवळला गेला की चावी आणि तिची खाच झिजते, पुली क्रँकवर थोडी मागे-पुढे डुलते, आणि खुणा पुलीच्या असल्यानं जुळलेल्याच दिसतात. बोल्ट काढून पुली बोटांनी हलवून पाहा. जरा जरी हालली तर नवी चावी, नवी पुली, आणि खाच रुंदावली असेल तर क्रँकचं काम. असा क्रँक नुसता लॉक लिक्विड लावून बंद करणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. दोन-तीन महिन्यांत तीच गाडी तिथेच उभी राहते.

प्रश्न : कॅम बदललेली गाडी पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणात अडकते का? – एक वाचक, वाई

मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मूळ बनावटीपासून करू देत नाही. कॅममुळे इंजिन क्रमांक बदलत नाही आणि कॅम बाहेरून दिसतही नाही, पण त्याचा परिणाम पीयूसीच्या नळीत दिसतो. मोठ्या ओव्हरलॅपच्या (इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याच्या) कॅमवर आयडलिंगला न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं, हायड्रोकार्बनचा आकडा चढतो आणि गाडी तिथे नापास होते. रस्त्यावर चालवायच्या गाडीत आम्ही मोठा कॅम सुचवत नाही. व्हीटेक असेल तर लहान लोब मूळचेच ठेवून फक्त मधला लोब घासलेला कॅम घ्या, आयडलिंग आणि पीयूसी दोन्ही सांभाळले जातात.

स्पर्धेसाठी करणार असाल तर आधी एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटारस्पर्धांच्या संघटनेच्या) त्या स्पर्धेची नियमावली वाचा, स्टॉक गटात कॅमला हात लावलेला चालत नाही. आणि मूळ कॅम भंगारात देऊ नका. तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आडवा न ठेवता उभा ठेवा, म्हणजे वाकणार नाही. त्याचे रॉकर सिलिंडरच्या क्रमानं चिठ्ठी लावून त्याच्याबरोबरच ठेवा, कारण दुसऱ्या रॉकरवर तो कॅमही चालणार नाही.